मनोरुग्ण परिचर्या: व्याख्या पाठ आहेत, पुढे काय?

रातपाळी (धागाकर्ती)

जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाच्या मुली पोस्टिंगला येतात तेव्हा त्यांच्या वहीत व्याख्या चोख असतात. मानसिक आरोग्य म्हणजे काय, सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) म्हणजे काय, इन्साइट (आपण आजारी आहोत ही जाणीव) म्हणजे काय, सगळं लाल-निळ्या पेनाने. वार्डात आल्यावर पहिला प्रश्न मात्र ठरलेला: "मॅडम, इथं करायचं काय? ना ड्रेसिंग, ना सलाईन, ना कॅथेटर." म्हणून हा धागा. मी आधी एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार वार्डात होते, आता यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात आहे.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे मनोरुग्ण परिचर्या मनोविकार वार्डात कमीच होते. ती होते कॅज्युअल्टीत (तातडी विभागात), मेडिसिनच्या वार्डात, बाळंतिणीच्या खाटेपाशी, उपकेंद्राच्या ओट्यावर. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. पण गडचिरोलीतल्या सिरोंचाचा नाहीतर मेळघाटातल्या धारणीचा माणूस तिथं पोचेपर्यंत वाटेत त्याला आशाताई, उपकेंद्राची सिस्टर, कॅज्युअल्टीची सिस्टर आणि एखादा भगत (मांत्रिक), एवढे सगळे भेटून गेलेले असतात. "मला सायकियाट्री नको गं बाई" म्हणणाऱ्या मुलीच्या पुढ्यातच हा पेशंट येणार आहे.

सुरुवात पेपलाऊपासून करते, कारण व्हायवात (तोंडी परीक्षेत) तीच विचारतात आणि तिचं म्हणणं खरंही आहे. हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली मांडलं की परिचारिका आणि पेशंट यांचं नातं हाच उपचाराचा भाग आहे. आज हे ऐकायला साधं वाटतं. तेव्हा सिस्टरचं काम म्हणजे डॉक्टरांची ऑर्डर पाळणं आणि वार्ड शांत ठेवणं एवढंच समजत. नात्याचे टप्पे तुम्हाला पाठ आहेत: भेटीआधीची तयारी, ओळख, काम, निरोप. मुली पहिले तीन छान करतात आणि चौथा खातात. पोस्टिंग संपलं की शनिवारी गायब. इकडे पेशंट सोमवारी खिडकीत उभा. आपण किती दिवस आहोत हे पहिल्याच दिवशी सांगायचं, आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा सांगायचं. ज्याला आधीच सगळ्यांनी सोडलंय त्याला आणखी एकीने न सांगता सोडायचं नाही.

दुसरं, एमएसई, म्हणजे मनःस्थितीची तपासणी. हा फॉर्म नाही, ही नजर आहे. कपडे, आंघोळ, बोलण्याचा वेग, चेहरा आणि बोलणं जुळतं का, विचार कुठे भरकटतो, भास होतात का, भान आहे का. यातलं निम्मं तर गोळ्या वाटता वाटता कळतं. भान तपासायला "आज तारीख किती?" विचारून थांबू नका. शेतमजूर बाईला तारखेशी काय करायचंय? तिला विचारा पोळा झाला का, सोयाबीन निघालं का, आज बाजार कुठल्या गावचा. तारीख चुकली म्हणून "डिसओरिएंटेड" लिहिलेला केसपेपर पुढे तिच्यासोबत सगळीकडे फिरतो.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं: काल चांगला असलेला माणूस आज बरळतोय, तर तो शरीराचा आजार आहे असं धरूनच चालायचं. ताप, साखर, ऑक्सिजन, डोक्याला मार, लघवीचा जंतुसंसर्ग, दारू सुटणं. संध्याकाळी बिघडतो, सकाळी बरा वाटतो, समोर नसलेली माणसं-किडे *दिसतात* (नुसते आवाज नाही), वेळ-जागेचं भान जातं: हा डेलिरियम. स्किझोफ्रेनिया एका रात्रीत साठाव्या वर्षी सुरू होत नाही. "मेंटल आहे" असा शिक्का मारून कोपऱ्यातल्या खाटेवर ढकललेला पेशंट पहाटे दगावू शकतो.

लिहा, विचारा, भांडा.

धामनदीकाठ

शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा हो. मी वर्धा जिल्ह्यात सर्जिकल वार्डला आहे. आमच्याकडे दारूबंदी, त्यामुळे हिस्ट्रीत "दारू?" विचारलं की उत्तर येतं, "नाही जी, आमच्याकडं बंदी हाय." बायको शेजारी उभी, ती खाली बघते. हर्नियाचं ऑपरेशन होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री माणूस सलाईन उपटतो, चादरीवरचे किडे झटकतो, घामाने चिंब, हात थरथरतात. मग नाईटच्या सिस्टरचा फोन, "सर, पेशंट सायकिक झालाय."

शेवटच्या घोटानंतर पहिल्या काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि खरा डेलिरियम साधारण ४८ ते ९६ तासांच्या मध्ये. म्हणजे बरोबर ऑपरेशन नंतरचा काळ. म्हणून मी प्रश्नच बदलला आहे. "पिता का?" नाही विचारत. "मोहाची की देशी? शेवटची कधी घेतली? सकाळी घेतल्याशिवाय हात कापतात का?" असं विचारते, बायकोला बाहेर पाठवून. आणि हेही सांगते की हे पोलिसांना कळवायचं नाहीये, औषधाचा डोस ठरवायचाय. उत्तर मिळतंच. बंदी चांगली की वाईट यात मी शिरत नाही. बंदीच्या जिल्ह्यात दारूची हिस्ट्री लपते, एवढं मात्र प्रत्येक सिस्टरला माहीत हवं. गडचिरोलीत १९९३ पासून हेच आहे. चंद्रपूरला २०१५ ते २०२१ होतं.

आणि हो, थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) आधी, डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) मागाहून. उलटं झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ऑर्डरमध्ये नसेल तर सरांना विचारायचं, गप्प राहायचं नाही.

दुसरं_वर्ष

मॅडम, मीच ती लाल-निळ्या पेनवाली :-) मला प्रोसेस रेकॉर्डिंग (पेशंटशी झालेलं बोलणं जसंच्या तसं) लिहायचं आहे. माझा पेशंट बोलतच नाही. दहा मिनिटं मी बोलते, तो "हं" म्हणतो. आणि एक काकू आहेत, त्यांना आवाज येतात. त्या मला विचारतात "तुले आयकू येते का?" हो म्हणायचं की नाही म्हणायचं? पुस्तकात लिहिलंय वाद घालू नका, पण खोटंही बोलू नका. मग काय करायचं?

रातपाळी

न बोलणाऱ्याजवळ बोलू नकोस. बस. "मी इथं पंधरा मिनिटं बसणार आहे, बोलायचं असेल तर बोला, नाही बोललात तरी चालेल." आणि खरंच पंधरा मिनिटं बस, मोबाइल न काढता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत. शांत राहणं हेही थेराप्युटिक कम्युनिकेशनच आहे, प्रोसेस रेकॉर्डिंगच्या रकान्यात "शांतता, ४ मिनिटं, पेशंटने एकदा वर पाहिलं" असं लिहिता येतं. मार्क कापले तर माझं नाव सांग. आणि त्याचं "हं" म्हणजे "हं" च लिही, त्याचं "होय, मला बरे वाटते" करू नकोस.

काकूंना सांग, "मला नाही ऐकू येत काकू. पण तुम्हाला येतं, आणि त्यानं तुम्ही घाबरता, हे दिसतंय मला." यात खोटं नाही आणि वादही नाही. मग पुढचा प्रश्न, जो मुली विचारायला घाबरतात: आवाज काय म्हणतो? "जीव दे", "त्याला मार" असं हुकूम सोडणारा आवाज असेल तर तो निरोप त्याच मिनिटाला इन्चार्ज सिस्टरकडे आणि डॉक्टरांकडे गेला पाहिजे. हँडओव्हरची वाट बघायची नाही. आवाजाचं नाव-गाव, तो कुठल्या देवाचा, किती वर्षांचा, असल्या चौकशा करत बसू नकोस. भासाला त्याने जोर येतो. त्यापेक्षा काकूंना कामाला लाव. भाजी निवडायला, वाती करायला. हातात काम असलं की आवाज बरेचदा मागे सरतात.

"काही होत नाही, सगळं ठीक होईल" हे वाक्य बंद. ते पेशंटसाठी नसतं, आपली बेचैनी घालवण्यासाठी असतं.

कपाशीवाला

नमस्कार ताई. मी कास्तकार मानूस, दिग्रसकडला. नर्सिंगचं मले समजत नाही, पन घरात मोठा भाऊ हाय, त्याले स्किझोफ्रेनिया. बारावीले हुशार होता, मंग खोलीतून निघनंच बंद केलं. "मोबाइलातून माह्यं बोलनं सारं गाव आयकून राह्यलं" म्हने. आधी भगत झाला, मंग सैलानीच्या दर्ग्याले नेलं, मंग कोनीतरी सांगतलं म्हनून दवाखान्यात. तिथं सुई देल्ली अन् दुसऱ्या दिवशी त्याची मान एका बाजूले वाकडी, डोये वर, जीभ बाहेर. माय म्हने, पाहा, देवाचं सोडून दवाखान्यात आनलं म्हनून कोप झाला. आमी त्याले घरी आनलं. पुढचे दोन साल वाया गेले. थे काय होतं, कोनी सांगतलंच नाही.

दुसरं. आता थेंबाचं औषध हाय. तो घेत नाही, म्हनून माय चहात टाकते. त्याले मालूम नाही. हे बरोबर हाय का चूक?

मनोविकार_ओपीडी

दादा, त्याला अक्यूट डिस्टोनिया म्हणतात. हॅलोपेरिडॉलसारख्या सायकोसिसच्या औषधाच्या सुईनंतर काही तासांत ते पहिल्या चार-पाच दिवसांत होतो, तरुण मुलांत जास्त. स्नायू आखडतात. प्रोमेथाझिनची सुई दिली तर बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. ही सुई ग्रामीण रुग्णालयात साधारणपणे असते. कोप वगैरे काही नव्हता, पण तुमच्या आईने जे पाहिलं ते पाहून कोणीही घाबरलं असतं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

सिस्टर लोकांनो, हे तुमचं काम आहे, कारण ओपीडीच्या गर्दीत आम्ही सांगत नाही. सुई दिल्यावर नातेवाइकाला एक वाक्य: "मान, डोळे, जबडा आखडला तर घाबरायचं नाही, लगेच परत आणायचं, त्याला उतारा आहे."

थेंबांचं: ते रिस्पेरिडोनचे असतील तर चहात टाकू नका. चहा आणि कोलासोबत ते औषध जुळत नाही. पाण्यात किंवा दुधात चालतं. हे झालं औषधापुरतं. लपवून द्यावं का, यावर माझं मत नाही असं आहे. एक दिवस कपाच्या तळाशी चव लागते, आणि ज्याला आधीच वाटतं की घरचे आपल्याविरुद्ध कट करतायत, त्याला पुरावा मिळतो. मग तो घरचं जेवणही सोडतो.

रातपाळी

डॉक्टरसाहेब, तत्त्वतः मान्य. पण रात्री दोन वाजता कुऱ्हाड घेऊन अंगणात फिरणारा मुलगा, आणि घरात साठीची माय एकटी. ती चहात थेंब टाकते तेव्हा मी तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? मी नाही म्हणत नाही. मी म्हणते, आज टाकलंत, ठीक, पण हा कायमचा मार्ग नाही. थोडा शांत झाला की कोणीतरी, ज्याचं तो ऐकतो त्याने, त्याला सांगायचं.

काळा_कोट

कायद्याची बाजू मांडतो, कारण बहुतेक सिस्टरांना ती शिकवलीच जात नाही असं दिसतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. आजार आहे म्हणजे स्वतःबद्दल ठरवायची क्षमता नाही, असं हा कायदा मानत नाही. पेशंट आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, आजारी पडल्यास कसा उपचार हवा-नको हे आधी लिहून ठेवू शकतो.

तुमच्या रोजच्या कामाची तीन कलमं. कलम ९५: साखळदंडाने बांधणं कुठल्याही स्वरूपात बंद, भुलीशिवाय शॉक देणं बंद. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं जळून गेली, तेव्हापासूनचा हा प्रश्न आहे. कलम ९७: एकांत कोठडी नाही. शारीरिक बंधन फक्त तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरताच वेळ, आणि केसपेपरवर कारण, पद्धत, वेळ सगळं लिहून. कलम १००: भटकणारा मनोरुग्ण पोलिसांना सापडला तर लॉकअपमध्ये टाकायचा नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला आणायचा. म्हणजे तो तुमच्याच कॅज्युअल्टीत येणार.

रातपाळी

दादा, कलम ९७ वाचलंय. आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी येतात. बाकीच्या दिवशी रात्री एक सिस्टर, एक मावशी आणि भरलेला वार्ड. त्यात एक जण खिडकीची काच फोडतोय. परवानगी कोणाची घेऊ?

काळा_कोट

ताई, त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की केवळ मनुष्यबळ कमी आहे म्हणून बंधन घालता येणार नाही. कडू आहे, पण आहे.

तातडीसाठी कलम ९४ आहे. जीवाला धोका, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा, अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे तुमचे एमओसुद्धा (वैद्यकीय अधिकारी), ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतात. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. शॉक ट्रीटमेंट यात बसत नाही. तेव्हा एमओंना उठवा, आणि उठवलं ती वेळ लिहा.

रातपाळी

वेळ लिहिते. पण कायद्याने एक माणूस वाढवून दिला असता तर जास्त बरं झालं असतं.

नवीन मुलींसाठी: बांधायची वेळ येण्याआधी बरंच काही करता येतं आणि तेच खरं कौशल्य आहे. माणूस एकदम भडकत नाही. आधी येरझाऱ्या, मुठी आवळणं, आवाज चढणं, एकाच गोष्टीवर परत परत येणं. पेपलाऊने चिंतेच्या चार पायऱ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. मध्यमवर समजावता येतं. तीव्रवर फक्त छोटी वाक्यं पोचतात: "बसा. पाणी घ्या. मी इथंच आहे." पॅनिकवर काहीच पोचत नाही, तिथं फक्त सुरक्षितता. मुली काय करतात, माणूस तीव्रवर असताना त्याला समजावत बसतात, मग म्हणतात ऐकतच नाही. बाकीच्या पेशंटना बाजूला करा, बघ्यांना हाकला, एकाच माणसाने बोला, हातभर अंतर ठेवा, दार त्याच्या आणि आपल्या दोघांच्याही वाटेत मोकळं ठेवा.

सरळसोट

धागा चांगला आहे पण एक विचारू? आमच्या आज्याच्या काळात कुठं होतं हे डिप्रेशन? शेतकरी मरतो तो कर्जाने, कापसाला भाव नाही म्हणून. त्याला गोळी देऊन काय होणार? सरकारला बरंच आहे, प्रश्न डोक्यात ढकलला की धोरण सुटलं.

कपाशीवाला

भाऊ, बरोबर बोलले तुमी. पन माह्या गावात त्याच बँकेचं, तेवढंच कर्ज असलेले लय जन हायेत. सारेच नाही मरत.

आशा_तालुका_घाटंजी

सरळसोट दादा, मी आशा आहे. कर्ज आहे हे आम्हालाही दिसतं, आम्हीही कास्तकाराच्याच घरच्या. पण ज्याला तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, वावरात जात नाही, "माह्याच्यानं घराले ओझं झालं" म्हणतो, त्याला बँकेत जाऊन पुनर्गठनाचा अर्ज भरायचीसुद्धा ताकद नसते. आधी झोप लागली तर तो भांडायला तरी जाईल. दोन्ही पाहिजे.

अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायचं, गरज असेल त्याला समुपदेशक आणि डॉक्टरांपर्यंत न्यायचं. त्याचे आकडे २०१७ साली छापून आले. डिप्रेशन असलेल्यांपैकी आधी फक्त ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते, नंतर २७.२ टक्के. आमच्या प्रशिक्षणात हे सांगितलं होतं. माणसं बोलतात, फक्त कोणी विचारत नाही.

आता विचारण्याबद्दलच विचारते. रातपाळी ताई, "जीव द्यावा वाटतो का" असं सरळ विचारलं तर डोक्यात नसलेलं येईल ना? मला फार भीती वाटते.

रातपाळी

नाही येत. हा सगळ्यात जुना गैरसमज आहे. विचारल्याने विचार पेरला जात नाही, बहुतेकांना हायसं वाटतं की कोणीतरी बोललं. पायरी पायरीने जा: झोप लागते का, जगण्यात मन लागतं का, झोपेतच सुटलो तर बरं असं वाटतं का, जीव द्यायचा विचार येतो का, कसा द्यायचा ठरवलंय का, ते सामान घरात आहे का. शेवटचे दोन "हो" असतील तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एकाला सांगायचं, आणि त्याच दिवशी दवाखाना. "कोणाला सांगू नको" असं वचन द्यायचं नाही. आधीच सांगायचं, "जीवाला धोका वाटला तर मी सांगणार."

आणि फवारणीचं औषध. ते घरात, खाटेखाली, धान्याजवळ असतं. ते कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. माणसाच्या मनात लाट येते आणि ती ओसरते. लाट असताना हाताशी डबा नसेल तर बराचदा जीव वाचतो. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. हा घराच्या भिंतीवर लिहून द्या.

आमच्या कॅज्युअल्टीत औषध पिऊन आलेल्याची पोटधुणी होते, अॅट्रोपिन (विषावरचा उतारा) लागतं, तो वाचतो, सगळे खूश. आणि तिसऱ्या दिवशी त्याला डिस्चार्ज, एकदाही कोणी विचारत नाही की आता काय वाटतंय. ही परिचर्या अर्धी आहे. त्यात आणखी एक गोंधळ: अॅट्रोपिन जास्त झालं की माणूस लाल, कोरडा, तापलेला होतो, बाहुल्या मोठ्या, हवेत काहीतरी वेचत राहतो. त्याला वेडाचा झटका समजू नका, चार्ट बघा आणि डॉक्टरांना बोलवा.

काळा_कोट

पुरवणी. त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला आणि शिक्षा नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलमच नाही. एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी दवाखान्याची नोंद होते, ती व्हावीच. पण "केस होईल" या भीतीने माणसं "चुकून पिला" सांगतात. त्यांना हे सांगा.

मनोविकार_ओपीडी

आशाताई, सरळसोट, दोघांनाही: डिप्रेशनच्या गोळीला परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मन उदासच असतं पण अंगात थोडी ताकद येते. तो काळ जोखमीचा. म्हणून गोळी सुरू झाली की पहिल्या आठवड्यांत आशाची भेट सगळ्यात मोलाची. आणि गोळीने कापसाचा भाव वाढत नाही, हेही खरं. तसा दावा कोणी करू नये.

उन्हाळ्याचं एक सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बायपोलरचे (मन कधी अति चढतं, कधी अति उदास होतं) जे पेशंट लिथियमवर आहेत त्यांच्या रक्तात ते लिटरमागे ०.६ ते १.२ मिलीइक्विव्हॅलंट एवढंच चालतं, दीडच्या वर विषबाधा. दिवसभर उन्हात घाम गाळला, पाणी-मीठ कमी पडलं, वरून अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेतलं, की पातळी चढते. हात जोरात थरथरणं, उलटी, जुलाब, झोकांड्या, जीभ जड. गावात म्हणतात, "पिऊन आला." पिऊन आलेला नसतो. गोळी थांबवा आणि लगेच दवाखान्यात. काही मनोविकाराच्या औषधांनी घाम येणंच कमी होतं, त्यांना उष्माघात लवकर होतो. एप्रिल-मेमध्ये अशा घरांची यादी आशाकडे हवी.

धामनदीकाठ

हे छापून प्रत्येक उपकेंद्रात लावायला हवं. वाचनखूण साठवली.

आशा_तालुका_घाटंजी

ताई, तातडीचं. माझ्या गावात बाळंतीण आहे, नववा दिवस. तीन रात्री झोपली नाही. बडबड करते, बाळाला दूध पाजत नाही, "हे माह्यं नाही, बदललं" म्हणते. सासू म्हणते बाहेरचं आहे, उद्या भगताकडे नेणार. काय करू?

रातपाळी

उद्या नाही, आत्ता. बाळंतपणानंतरचा सायकोसिस असू शकतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत होतो आणि ही तातडीची बाब आहे. आई-बाळ दोघांना एकटं सोडू नकोस, बाळ कोणाच्या तरी हातात पण आईला दिसेल असं. विळा, कोयता, औषधाचे डबे बाजूला. ताप बघ, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो का विचार, बीपी घे, डोकं खूप दुखतं का, फिट आली का. जंतुसंसर्ग किंवा मेंदूतली रक्ताची गाठसुद्धा अशीच दिसते. १०८ लाव. आमच्याकडे आणा किंवा सरळ जिल्ह्याला, एमओंना आधी फोन कर.

सासूशी भांडू नकोस. "भगताचं नंतर करू, आधी ताप-बीपी दाखवू" म्हण. त्या माणसाला घरात जो मान आहे तो तू एका संध्याकाळी काढू शकत नाहीस. पण मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असं काही निघालं तर मात्र २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ते ठणकावून सांग.

आशा_तालुका_घाटंजी

गाडी आली. ताप १०२ आहे. मी सोबत निघाले.

सरळसोट

ताई, काळजी घ्या. पोचलात की कळवा.

दुसरं_वर्ष

बापरे. हात कापले वाचताना.

मॅडम, आमचं पोस्टिंग सोमवारपासून. सोबत काय न्यायचं, काय नाही?

रातपाळी

गळ्यातली ओढणी आणि आयडीची दोरी नको, आयडी क्लिपने लाव. लोंबते कानातले नको. कात्री, सुई, पेनाचं टोपण, सगळं मोजून न्यायचं आणि मोजून आणायचं. गोळी दिल्यावर पेशंटने गिळली का पाहायचं, तोंड उघडायला सांगायचं, पण शाळेतल्या मास्तरसारखं नाही. घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर कोणाला द्यायचा नाही. पेशंटचा फोटो नाही, स्टेटस नाही, मैत्रिणींच्या ग्रुपवर "आज एक भारी केस" नाही. ही कलम २३ मधली गोपनीयता आहे, काळ्या कोटवाल्या दादांनी सांगायच्या आधी मीच सांगते. आणि डबा खाऊन जा, त्या वार्डात जेवायला सुटका उशिरा होते.

कपाशीवाला

ताई, डॉक्टरसाहेब, मी भावाले सांगतलं चहाचं. मायले बाजूले बसवलं अन् सांगतलं. लय चिडला. दोन दिस घरचं पानीसुद्धा नाही घेतलं, हॉटेलातून आनून खाल्लं. आज जेवला. पन औषध नाही म्हने. महिन्यातून एकदा घ्यायची सुई असते म्हनतात, थे खरं हाय का?

मनोविकार_ओपीडी

असते. दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची, डेपो म्हणतात. रोज गोळीवरून होणारी घरातली भांडणं तरी मिटतात. पण ती त्याच्या होकाराने, आणि आधी तेच औषध तोंडाने सोसतंय का ते बघून. मागच्या वेळी मान आखडली होती हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे औषध आणि डोस तसा निवडतील. त्यालाच सोबत आणा, त्याच्याशी आम्ही बोलू. तुम्ही बाहेर थांबा.

कपाशीवाला

बुधवारी ओपीडी हाय. इचारतो त्याले, येतो का म्हनून.